कोकणात आंतरराष्ट्रीय मोटार शर्यत भरवली, तर पैसे वसूल होतील का?

सड्यावरचा_वारा (धागाकर्ता)
दर दोन-चार वर्षांनी ही चर्चा नव्याने उगवते. सडे (जांभ्या कातळाची सपाट पठारं) मोकळे पडलेत, समुद्र आहे, गोवा शेजारी आहे, मग ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटसारखा ट्रॅक आपल्याकडे का नको? सिंधुदुर्ग १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. इतक्या वर्षांत त्या नावाला साजेसं मोठं काही आलं नाही ही खंत खरी आहे, म्हणूनच अशी स्वप्नं लगेच पटतात.

या धाग्यावर शर्यत थरारक असते की नसते हा वाद नको. यजमानाच्या हाती काय उरतं तेवढंच बोलू.

सुरुवातीला एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो. फॉर्म्युला वनची शर्यत मिळाली म्हणजे कंपनी आपल्याला पैसे देते असं नाही. स्थानिक आयोजक हक्कधारक कंपनीला दरवर्षी फी भरतो. टीव्हीचे हक्क कंपनीचे. ट्रॅकभोवतीच्या जाहिरातींच्या पाट्या बहुतेक करारांत कंपनीच्या. पॅडॉक क्लबमधली सर्वांत महाग बैठक आणि खानपानही कंपनीचं. आयोजकाकडे राहतं तिकीट, खाण्याचे गाळे आणि पार्किंग. २०२३ मध्ये फॉर्म्युला वनचं एकूण उत्पन्न सुमारे ३.२ अब्ज डॉलर होतं आणि त्यातला तीस टक्क्यांच्या आसपासचा वाटा यजमानांनी भरलेल्या फीचा होता.

जाणकारांनी आकडे मांडावेत.

हिशेबनीस
आपल्याच देशातला आकडा घेऊ. बुद्ध सर्किटच्या करारातली फी वर्षाला ४ कोटी डॉलर होती. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालात ती नोंदलेली आहे. २०११ च्या दराने साधारण २०० कोटी रुपये.

आता तिकीट. पहिल्या वर्षी, २०११ ला, रविवारी ९५ हजारांच्या आसपास लोक आले. २०१२ ला ६५ हजार. सर्वांत स्वस्त तिकीट पहिल्या वर्षी २,५०० रुपये होतं. सरासरी ५,००० रुपये धरा (हे माझं गृहीतक, आणि तेही सढळ हाताने केलेलं). पहिल्या वर्षी जमा ४७.५ कोटी, दुसऱ्या वर्षी ३२.५ कोटी. फी २०० कोटी. मार्शल (ट्रॅकवर झेंडे दाखवणारे आणि मदतीला धावणारे लोक), वीज, सुरक्षा, विमा अजून धरलेलेच नाहीत.

तीच ४ कोटी डॉलरची फी आज डॉलर ८५ रुपये धरून ३४० कोटी होते. ८० हजार प्रेक्षक आले तर फक्त फी भागवायला प्रत्येक खुर्चीमागे ४२,५०० रुपये हवेत. कुडाळच्या किंवा कोल्हापूरच्या माणसाने तीन दिवसांसाठी ते का द्यावेत?

त्याहून मोठा धोका वार्षिक वाढीचा. असे करार दरवर्षी ठरावीक टक्क्याने चढतात. पाच टक्के धरले तर ३४० कोटींचे दहाव्या वर्षी ५२७ कोटी होतात. सिल्व्हरस्टोनचं उदाहरण पाहा. तिथली फी २०१० मध्ये १.१५ कोटी पौंड होती, २०१७ पर्यंत १.६२ कोटी झाली. मैदान भरत असूनही ट्रॅकच्या मालक क्लबला २०१५ मध्ये २८ लाख आणि २०१६ मध्ये ४८ लाख पौंडांचा तोटा झाला. त्यांनी २०१७ ला करारातलं बाहेर पडण्याचं कलम वापरलं आणि २०१९ मध्ये नव्या अटींवर करार केला. ज्या देशात बहुतेक संघांचे कारखाने आहेत, जिथे तीन पिढ्या शर्यत पाहतात, तिथली ही गत.

आपल्याला आणखी एक भार आहे. फी डॉलरमध्ये, तिकीट रुपयांत. २०११ पासून आजपर्यंत फक्त रुपया घसरल्यामुळे तीच फी सत्तर टक्क्यांनी महागली असती.

भांडवलाचं राहिलंच. बुद्ध सर्किटवर त्या काळी २,००० कोटींच्या आसपास खर्च झाल्याचं सांगितलं जातं. नऊ टक्क्यांनी त्याचं व्याज वर्षाला १८० कोटी. म्हणजे रोज ४९ लाख, गाडी फिरो वा न फिरो. गाड्यांच्या कंपन्यांना चाचणीसाठी ट्रॅक दिवसाला १० लाखांनी दिला आणि वर्षातले २०० दिवस भरले, तरी २० कोटी होतात.

पर्यटनवेडी
हिशेबनीस काका, तुमचं गणित आयोजकाचं आहे. आयोजकाचा तोटा म्हणजे जिल्ह्याचा तोटा असं कसं? रस्ता, धरण, विमानतळ यांचा हिशेब आपण तिकिटावर करत नाही. सिंगापूरने २००८ पासून शर्यत टिकवली आहे आणि २०२८ पर्यंतचा करारही केला आहे. तिथल्या सरकारला वेड लागलेलं नाही. लोक आठवडाभर राहतात, खरेदी करतात, जगभर शहर दिसतं. मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा तसा जगाला दिसला तर त्याची किंमत तिकिटात कशी मोजणार?

हिशेबनीस
पर्यटनवेडी ताई, मुद्दा रास्त आहे, म्हणून सिंगापूरचंच नीट पाहू.

तिथला खर्च वर्षाला साधारण १५ कोटी सिंगापूर डॉलर होता आणि त्यातला ६० टक्के वाटा सरकार उचलत होतं. पर्यटनातून येणारी वाढीव मिळकतही सरासरी तेवढ्याच्याच घरात सांगितली गेली. मात्र सरकारने आपला वाटा हवेतून काढला नाही. शर्यतीच्या दिवसांत हॉटेलांच्या खोलीभाड्यावर खास उपकर लावला. सुरुवातीला ट्रॅकलगतच्या हॉटेलांना ३० टक्के आणि बाकीच्यांना २० टक्के. म्हणजे ज्याला फायदा झाला त्याच्याकडूनच वसुली. हे जमलं, कारण हजारो महागड्या खोल्या ट्रॅकच्या चालण्याच्या अंतरावर आधीपासून उभ्या होत्या. रस्ते होते, मेट्रो होती, विमानतळ होता. शर्यतीसाठी नवं शहर बांधावं लागलं नाही.

आपल्याकडे उपकर कोणावर लावायचा? तारकर्लीच्या चार खोल्यांच्या घरगुती निवासावर?

दुसरं, आलेला पाहुणा वाढीव आहे की दुसऱ्याची जागा घेऊन आला, हे बघावं लागतं. नाताळ ते नवीन वर्ष आणि मे महिना आपल्याकडे खोल्या आधीच भरतात. तेव्हा शर्यत ठेवली तर नेहमीचं कुटुंब येणार नाही, त्याऐवजी शर्यतवाला येईल. जिल्ह्याची वाढ जवळपास शून्य. मेलबर्नच्या बाबतीत व्हिक्टोरिया राज्याच्या महालेखापरीक्षकांनी २००७ मध्ये हे सगळं वजा करून हिशेब लावला. २००५ च्या शर्यतीत खर्च लाभापेक्षा ६७ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरने जास्त निघाला. तिथलं सरकार तरीही शर्यत ठेवतं आणि अलीकडे वर्षाला १० कोटी डॉलरच्या आसपास भार सोसतं. तो त्यांचा राजकीय निर्णय, श्रीमंत राज्याला परवडतो. पण तो ‘वसूल होतो’ म्हणून घेतलेला नाही.

तिसरं, खर्च झालेला पैसा गावात किती थांबतो? मासळी, घरगुती निवास, रिक्षा, बोट यांचा पैसा इथेच फिरतो. विमानाचं तिकीट, मुंबईहून आलेला केटरर, भाड्याचे तंबू, जनरेटर, सुरक्षा कंपनी यांचा पैसा आला तसा घाट चढून जातो. मोठ्या शर्यतीत दुसऱ्या प्रकारचा खर्च खूपच जास्त असतो.

जांभा_आणि_डांबर
पैशांचं वरच्यांनी मांडलं. मी जमिनीचं आणि डांबराचं लिहितो, कारण ‘सडे मोकळे पडलेत’ या वाक्यातच निम्मा खर्च दडलेला आहे.

फॉर्म्युला वनसाठी एफआयए या मोटार खेळांच्या जागतिक संघटनेचा पहिल्या श्रेणीचा परवाना लागतो. ट्रॅक किमान १२ मीटर रुंद, सुरुवातीच्या रांगेजवळ १५ मीटर. एक फेरी साडेतीन किलोमीटरपेक्षा लहान नको. सलग सरळ भाग दोन किलोमीटरपेक्षा लांब नको. सुरुवातीच्या रेषेपासून पहिल्या वळणापर्यंत किमान २५० मीटर. बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटर आहे. पाच किलोमीटर लांब आणि सरासरी १४ मीटर रुंद धरा, म्हणजे ७०,००० चौरस मीटर डांबर. वरचा थर ४० मिलिमीटरचा असला तरी २,८०० घनमीटर, म्हणजे ६,७०० टनांच्या वर माल. हा फक्त वरचा थर. त्याखाली आणखी दोन थर, त्याखाली खडीचा पाया, शिवाय वळणांबाहेरची मोकळी जागा आणि सेवारस्ते.

आता जागा. सपाट आणि सलग जमीन दोनच प्रकारची मिळते: सडा किंवा खाजण (खाडीकाठची दलदलीची जमीन).

खाजणाची माती पाण्याने भरलेली आणि दबणारी. तिच्यावर भराव टाकला की वर्षानुवर्षं बसत राहतो, आणि सगळीकडे सारखा बसत नाही. घराला अर्धा इंच चालून जातो, ताशी ३०० किलोमीटरच्या गाडीला चालत नाही. शांघायचा ट्रॅक दलदलीवर आहे, तिथे हजारो खांब खोल ठोकावे लागले. शिवाय खाजण म्हटलं की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध, आलंच.

सडा वरून कातळ दिसतो म्हणून सगळ्यांना मजबूत वाटतो. वरचं जांभ्याचं कवच टणक असतं, पण त्याखाली मऊ चिकणमाती, मधे पोकळ्या. कापलं की खालची माती उघडी पडते आणि पहिल्याच पावसात वाहू लागते. चिऱ्याच्या बांधकामाला जांभा उत्तम, पण डांबरातली खडी म्हणून तो चालत नाही. पाणी पितो, दाबाखाली चुरतो. वरच्या थराला कडक आणि टायरखाली घासून गुळगुळीत न होणारी खडी लागते. बहारीनने त्यासाठी थेट इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या खाणीतून दगड जहाजाने आणला. आपल्याला काळा पाषाण सह्याद्रीच्या पायथ्याशी मिळेल, पण तोही खाण बघून आणि चाचण्या करून. शिवाय काळ्या दगडालासुद्धा आपल्या पावसात डांबर सोडण्याची खोड असतेच, म्हणून मिश्रणात चुना किंवा तसलं चिकटद्रव्य घालावं लागतं.

अंथरताना सांधा पडू द्यायचा नसतो. दोन किंवा तीन पेव्हर (डांबर अंथरणारी यंत्रं) तिरप्या रांगेत एकामागोमाग चालवतात, म्हणजे शेजारच्या पट्ट्याची कड गरम असतानाच पुढचा पट्टा तिला चिकटतो. कड थंड झाली की तो सांधा पुढच्या पावसाळ्यात उघडतो. यासाठी डांबराचा प्लांट जवळ हवा आणि ट्रकांची रांग अखंड हवी. एक ट्रक घाटात अडकला तर पेव्हर थांबतो आणि तिथे उंचवटा राहतो. सपाटीची सूट अवघी दोन-तीन मिलिमीटर असते.

वेळापत्रक तर याहून अवघड. आपल्याकडे डांबरकाम नोव्हेंबर ते मे एवढंच. नवं डांबर शर्यतीआधी दोन-तीन महिने तरी मुरावं लागतं, कारण सुरुवातीला त्यातलं तेल पृष्ठभागावर येत राहतं. कोरियात येओंगामला २०१० मध्ये शेवटची तपासणी शर्यतीच्या दोन आठवडेही आधी नव्हती. शर्यतीच्या दिवशी पाऊस आला, पाणी हटेना, लाल झेंडा लागला आणि शर्यत अंधार पडता पडता संपली. इस्तंबूलला २०२० मध्ये शर्यतीच्या तोंडावर नवा थर टाकला, तर गाड्या बर्फावर असल्यासारख्या घसरत होत्या. म्हणजे आपल्याला नोव्हेंबरात शर्यत हवी असेल तर थर मेपर्यंत पूर्ण झाला पाहिजे आणि मग त्याने अख्खा पावसाळा सोसला पाहिजे. तेल धुऊन निघेल हा फायदा. भराव कुठे बसला ते ऑक्टोबरात कळेल आणि दुरुस्तीला महिनाही उरणार नाही, हा तोटा.

पाण्याचा अंदाज द्यायचा तर १५० हेक्टरच्या आवारात एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की १५ कोटी लिटर पाणी होतं. जुलैत असे दिवस काही नवे नाहीत. सड्यावर ते मुरत नाही, सरळ खालच्या वाडीत उतरतं. साठवण तळी आणि चर यांचा खर्च आराखड्यात पहिल्या पानावर हवा.

एक शेवटचं. सड्यांवर कातळशिल्पं आहेत. कशेळी, उक्षी, जांभरुण, देवीहसोळ, बारसू, कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत, आणि मातीखाली अजून किती आहेत ते शोधणं चालूच आहे. बुलडोझर लावण्याआधी पायी सर्वेक्षण झालंच पाहिजे. ती गेली तर परत येणार नाहीत.

गावराठी
माका येकच इचारूचा हा. दीडशे हेक्टर सलग जमीन कोणाच्या सातबाऱ्यार आसा? आमच्याकडे एका गटात तीस-चाळीस नावां, निम्मी मुंबयत, काय मेलेली, वारस लागलेले नाय. सामायिक जमिनीत येक हिस्सेदार ‘नाय’ म्हणालो की मोजणी थांबता. आणि मे महिन्यात जंय टँकर येता थंय ट्रॅक धुवूक पाणी खंयसून हाडतले?

जांभा_आणि_डांबर
गावराठी, पाण्याचा प्रश्न तुम्ही बरोबर धरलात. शर्यतीच्या आठवड्यात ट्रॅक धुणं, धूळ बसवणं आणि हजारो माणसांची शौचालयं, हे सगळं साठवलेल्या पाण्यावर चालवावं लागतं.

पर्यटनवेडी
कायमचा ट्रॅक नको म्हणू. मग शहरातल्या रस्त्यावरची शर्यत? चेन्नईने २०२४ मध्ये आयलंड ग्राउंड्सभोवती साडेतीन किलोमीटरवर रात्रीची शर्यत घेतली. हैदराबादला फेब्रुवारी २०२३ मध्ये फॉर्म्युला ई ही विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. रत्नागिरीत किंवा अलिबागला समुद्राकाठी का नाही?

जांभा_आणि_डांबर
रुंदी मोजा ताई. आपल्या गावांतले किनाऱ्याचे रस्ते साडेपाच ते सात मीटर. वर दोन्ही बाजूंना एक मीटर उंच, चार मीटर लांब काँक्रीटचे ठोकळे आणि त्यांवर जाळी. पाच किलोमीटरला दोन्ही बाजू धरून असे २,५०० ठोकळे होतात. ते क्रेनने उतरवायचे, शर्यतीनंतर उचलायचे आणि वर्षभर कुठेतरी रचून ठेवायचे. खारी हवा जाळीच्या तारा आणि बोल्ट खाते, त्यामुळे दर वर्षी एकेक खांब तपासायचा.

आणि गटाराची झाकणं. गाडीचा तळ जमिनीलगत हवा ओढतो, त्या ओढीने झाकण उचललं जातं. बाकूला २०१९ मध्ये एका गाडीचा तळ असाच फाटला. लास वेगासला २०२३ मध्ये सरावाच्या आठव्या-नवव्या मिनिटाला पाण्याच्या व्हॉल्व्हच्या झाकणाची चौकट तुटली आणि फेरारीची गाडी फुटली. नुसतं झाकण वेल्ड करून भागत नाही, ज्या काँक्रीटमध्ये चौकट बसवली आहे तेच भक्कम लागतं. त्या रात्री बाकीच्या झाकणांत वाळू आणि डांबर भरलं. दुसरा सराव पहाटे अडीचला सुरू झाला, तोवर प्रेक्षकांना बाहेर काढलं होतं. तिकिटाच्या नाराजीपोटी दुकानातून खरेदीची कुपनं वाटावी लागली. एका चौकटीची किंमत एवढी मोठी होते.

स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाने बंदरालगत ५.४ किलोमीटरचा रस्ता-ट्रॅक केला. २००८ ते २०१२ पाच शर्यती झाल्या आणि बंद पडल्या. भार शेवटी प्रांतिक सरकारवर आला. हैदराबादची दुसरी शर्यतही झाली नाही. सरकार बदललं, करार मोडला आणि २०२४ ची फेरी रद्द झाली. पहिल्या शर्यतीवर झालेला सगळा खर्च एकाच शर्यतीच्या माथी बसला.

रेल्वेफाटक
कोकणाशी तुलना करायची तर सिंगापूरपेक्षा नेदरलँड्समधलं झांडव्होर्ट जवळचं. सतरा हजार वस्तीचं समुद्रकाठचं गाव, वाळूच्या टेकड्या, मोजकेच अरुंद रस्ते. २०२१ पासून तिथे पुन्हा शर्यत सुरू झाली. त्यांनी प्रेक्षकांच्या खासगी गाड्या गावात येऊच दिल्या नाहीत. रेल्वेमार्ग सुधारून दर पाच मिनिटांना एक गाडी सोडली, बाकीचे बरेच लोक सायकलने आले. दिवसाला लाखभर माणसं शिस्तीत आली आणि गेली.

कोकण रेल्वेचं बघा. रोहा ते ठोकूर ७४१ किलोमीटर. रोहा ते वीर हा टप्पा दुहेरी झाला, बाकी जवळपास सगळा मार्ग एकेरी. एकेरी मार्गावर समोरची गाडी स्थानकात येईपर्यंत आपली क्रॉसिंगला थांबते. तासाला बारा गाड्या हा तिथे विषयच नाही. गणपतीच्या जादा गाड्यांनीच वेळापत्रक कसं ताणलं जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, त्याबद्दल वेगळं सांगायला नको. मालवाहू जम्बो विमान सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाच्या अडीच किलोमीटर धावपट्टीवर आणता येणार नाही. ते गोव्यातल्या मोपा विमानतळावर उतरेल, तिथली धावपट्टी साडेतीन किलोमीटर आहे. म्हणजे हाताळणीचा पैसा गोव्यात.

आणि झांडव्होर्टचा शेवट ऐका. तिकिटं संपत होती, विजेता मॅक्स व्हर्स्टापेन त्यांच्याच देशाचा, तरी आयोजकांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं की २०२६ ची शर्यत शेवटची. सरकारी पाठबळाशिवाय एक वर्ष जरी फसलं तरी कंपनी बुडेल, एवढी जोखीम त्यांना नको होती. मैदान भरलेलं असतानाही हे गणित इतकं काठावर असतं.

पहिला_तास
वैद्यकीय बाजू थोडक्यात. शर्यतीत हेलिकॉप्टर उडू शकत नसेल आणि गंभीर जखमीला रस्त्याने साधारण वीस मिनिटांत योग्य रुग्णालयात नेता येत नसेल, तर गाड्या ट्रॅकवर सोडत नाहीत. २०२० मध्ये न्युर्बुर्गरिंगला धुक्यामुळे शुक्रवारचा अख्खा सराव असाच रद्द झाला. कुडाळहून बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला रस्त्याने दोन तासांच्या आसपास लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी नदीकाठी आणि घाटपायथ्याला धुकं असतं.

मेंदूवरच्या शस्त्रक्रियेची आणि भाजलेल्यांची सोय चोवीस तास जिल्ह्यात असणं, ही शर्यतीआधीची अट आहे. ती सोय झाली तर शर्यत न येताही महामार्गावरचे जीव वाचतील. माझ्या मते पैसा आधी तिथे जावा.

कलम_१८९
कायदा आणि कर यांवर चार ओळी.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १८९ प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत घेता येत नाही. खेळाच्या बाजूने एफएमएससीआय या देशातल्या मोटार खेळांच्या संघटनेची परवानगी लागते, ती नसेल तर विमा मिळत नाही आणि परवानाधारक चालक येत नाहीत.

भारतीय ग्रांप्री २०११, २०१२ आणि २०१३ अशी तीनदाच झाली, तिन्ही सेबॅस्टियन व्हेटेलने जिंकल्या. ती थांबण्यामागे कर आणि सीमाशुल्काचे वाद मोठे होते. उत्तर प्रदेशात तिला खेळ न मानता करमणूक मानलं गेलं आणि करमणूक कराचा प्रश्न न्यायालयात गेला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की परदेशी हक्कधारक कंपनीचं त्या दिवसांत भारतात स्थायी आस्थापन (करासाठी धरलं जाणारं व्यवसायाचं ठिकाण) होतं, म्हणून तिच्या इथल्या उत्पन्नावर भारतात कर लागेल. याचा व्यवहारातला अर्थ: कंपनी करारात ‘कर वजा जाता’ एवढी रक्कम हातात मागते आणि कराचा भार आयोजकाच्या गळ्यात पडतो. करार वाचताना ते कलम सगळ्यांत आधी शोधा.

२०२३ मध्ये मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत बुद्ध सर्किटवर आली. करार सात वर्षांचा होता, शर्यत एकच झाली. उष्म्यामुळे २४ फेऱ्यांच्या २१ कराव्या लागल्या.

सड्यावरचा_वारा
सगळ्यांचे आभार. मग कोकणाला झेपेल आणि पैसा गावात राहील असं काही आहे का?

तांबडी_धूळ
आहे, आणि तेच करावं असं मनापासून वाटतं.

गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाची ऑफरोड स्पर्धा होते. तिला चिखल आणि पाऊसच लागतो. म्हणजे जुलैत, जेव्हा खोल्या रिकाम्या असतात, तेव्हा माणूस येतो. हिशेबनीस काकांनी सांगितलेला ‘दुसऱ्याची जागा घेण्या’चा प्रश्न इथे उद्भवतच नाही. आलेला प्रत्येक पाहुणा वाढीव.

दुसरा प्रकार रॅली. ट्रॅक बांधायचा नाही, असलेले रस्ते काही तास बंद करायचे. साधारण हिशेब: ४० गाड्या, प्रत्येकी चालक-सहचालक आणि पाच मेकॅनिक म्हणजे २८० माणसं, अधिकारी आणि मार्शल धरून ५००. चार रात्री, माणशी दिवसाला २,००० रुपये, एकूण ४० लाख. आकडा लहान आहे, पण भांडवल शून्य, आणि यातला बहुतेक पैसा खाणावळ, घरगुती निवास, गॅरेज आणि पेट्रोलपंपावर जातो.

टप्पा आठ ते बारा किलोमीटरचा ठेवा. रस्ता पहिल्या गाडीच्या अडीच-तीन तास आधी बंद. वाडीवाडीत आठवडाभर आधी छापील वेळापत्रक, आदल्या दिवशी दवंडी. प्रत्येक पाणंद आणि घराचं फाटक टेपने बंद, तिथे एक माणूस उभा. रेडिओ ठाणी पाच किलोमीटरपेक्षा लांब नकोत. सुरुवातीला रुग्णवाहिका आणि आग-बचावाची गाडी. आधी तीन शून्य, दोन शून्य आणि एक शून्य अशा तपासणीच्या गाड्या, मग स्पर्धक, शेवटी झाडणी गाडी. ती गेल्याशिवाय रस्ता उघडायचा नाही. दूधवाला, आजारी माणूस, शाळेची रिक्षा यांच्यासाठी दोन टप्प्यांमध्ये अर्ध्या तासाची खिडकी ठेवा. गावाची नाराजी बहुतेक वेळा यावरूनच होते.

जांभ्याच्या मातीची धूळ वारा नसेल तर झाडीखाली लटकून राहते. दोन मिनिटांच्या अंतराने सोडलेला चालक आंधळा होतो. जानेवारी-फेब्रुवारीत अंतर तीन मिनिटांचं ठेवा, ४० गाड्यांना दोन तास लागतील. पाणी मारून धूळ बसवू नका, वळणावर निसरडं होतं.

पावसाळी स्पर्धेला सडा अजिबात वापरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये तिथली फुलं आणि पातळ माती एका चाकाखाली जाते. त्याऐवजी बंद पडलेल्या चिरेखाणी बघा. जमीन आधीच कापलेली, पायऱ्या-पायऱ्यांचे कट, मधे साठलेलं पाणी, एकदोनच मालक. धोका दोन ठिकाणी. खाणीची भिंत उभी असते, तीन-चार मीटर सरळ खाली, आणि काठावरचा चिरा पावसाने सुटलेला असतो. काठापासून किमान पाच मीटरवर दोर लावा, प्रेक्षक फक्त वरच्या बाजूला. दुसरं, पाण्याची खोली दिसत नाही. त्याच सकाळी बांबूने दर दोन मीटरवर मोजा आणि गाडीच्या बॉनेटपेक्षा खोल भाग झेंड्यांनी बाद करा. गाडी ओढायला विंचचा दोर झाडाला बांधताना रुंद पट्टा वापरायचा, नाहीतर साल निघून काजूचं झाड मरतं, आणि ते कोणाचं तरी उत्पन्न असतं.

गावराठी
ह्या पटला. पण रस्तो उखळलो तर? चिखलातसून चाळीस गाडये गेल्यार पाणंद उरता खंय? भरपाई कोण देतलो?

तांबडी_धूळ
परवानगीच्या आधीच हे कागदावर घ्या. आयोजक, ग्रामपंचायत आणि बांधकाम खात्याचा माणूस, तिघांनी मिळून स्पर्धेच्या आदल्या दिवशी पूर्ण रस्त्याचं चित्रीकरण करायचं, दर शंभर मीटरला चुन्याची खूण करून. स्पर्धेनंतर दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. फरक चालू मीटरमध्ये मोजायचा: बाजूपट्टी किती, मोरीचा कठडा किती, गडगा (दगडी कुंपण) किती. दर आधीच ठरलेले. अनामत ग्रामपंचायतीच्या खात्यात स्पर्धेच्या पंधरा दिवस आधी जमा, आणि दुरुस्ती झाल्याचा ठराव ग्रामसभेत झाल्यावरच उरलेली परत. पावसाळी स्पर्धा असेल तर मातीकामाची दुरुस्ती ऑक्टोबरनंतरच टिकते, म्हणून त्या भागाची अनामत डिसेंबरपर्यंत धरून ठेवा. गडगा पडला असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी रचून द्या. गुरं भातात शिरतात.